सोन्याखालचा थर

"मॅडम, एक सांगू का? रागवायचं नाही पण."

श्रीलता माझ्या खुर्चीमागं उभी होती. कधी येऊन उभी राहिली ते मला कळलंच नव्हतं. पडद्यावर माझी रेघ होती. डावीकडून उजवीकडं गेलेली, सपाट, निर्जीव. एकवीस दिवस मी तीच रेघ बघत होते.

"सांग की."

"तुमचं पोलरायझेशन टीईवर राहिलंय. टीएम करून बघता का?"

मी माउस हलवला. खालच्या कोपऱ्यात प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेचे दोनच पर्याय होते आणि पहिल्या दिवसापासून मी चुकीचा धरून बसले होते. तो बदलला, 'रन'चं बटण दाबलं. संगणक दोन मिनिटं घुमत राहिला. मग रेघ उमटायला लागली. पन्नास अंश, साठ, पासष्ट, आणि एकाहत्तरच्या आसपास ती विहिरीत पोहरा सोडावा तशी खाली गेली आणि पुन्हा वर आली.

"आला!" श्रीलतानं टाळी वाजवली. "मॅडम, खड्डा आला!"

पलीकडच्या टेबलावरून कोनापुरे सरांनी मान वर केली. "कुणाचा ओ?"

"म्हमाणे मॅडमचा, सर!"

"आला का एकदाचा! काय चुकत होतं?"

श्रीलता वाकून माउसची वायर सरळ करायला लागली. मीच सांगितलं, "पोलरायझेशन."

सर मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तो त्यांचा स्वभावच होता. पण श्रीलताला पोलरायझेशन कुणी शिकवलं होतं, ते त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. चार वर्षांपूर्वी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, दोन पोलरॉइड एकमेकांवर धरून, एक हळूहळू फिरवत मी वर्गाला दाखवलं होतं की आरपार येणारा उजेड कसा विझत जातो. पहिल्या बाकावरची दोन वेण्या घातलेली मुलगी तेव्हा "अय्या!" म्हणाली होती. ती ही.

ही गोष्ट २०१३ सालच्या उन्हाळ्यातली, सोलापूरची. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. चौदा वर्षं एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून झालं होतं आणि सहा वर्षांपासून सुट्ट्यांमध्ये, रविवारी, जमेल तशी कोनापुरे सरांकडं पीएच.डी. चालू होती. शेवटी कॉलेजनं दोन वर्षांची रजा दिली. त्यातलं एक वर्ष संपत आलं होतं.

सरांच्या लॅबमध्ये माझं काम सोन्याच्या फिल्म बनवण्याचं. काचेच्या पट्टीवर सोन्याचा इतका पातळ थर चढवायचा, की त्यातून पलीकडचा बल्ब हिरवट दिसावा. हवा काढून घेतलेल्या घंटेसारख्या काचेच्या भांड्याखाली धातू तापवायचा, त्याची वाफ पट्टीवर बसू द्यायची. त्या यंत्राचा पंप कधी कुरकुरतो, कधी रुसतो, हे मला माझ्या घरच्या मिक्सरपेक्षा जास्त कळायचं. माझ्या फिल्म चांगल्या व्हायच्या. पुण्याहून लोक मागायचे.

त्या फिल्मचा उपयोग असा. काचेच्या लोलकातून सोन्यावर प्रकाश सोडला की तो परत फिरतो. पण एका नेमक्या कोनाला तो परत येतच नाही, सोन्यातले इलेक्ट्रॉन त्याला पिऊन टाकतात. ग्राफवर तिथं खड्डा पडतो. सोन्याच्या दुसऱ्या बाजूला काही येऊन चिकटलं, अगदी डोळ्याला कधीच दिसणार नाही एवढंसं, तरी तो खड्डा बाजूला सरकतो. खड्डा किती सरकला त्यावरून काय चिकटलं, किती चिकटलं ते ओळखायचं. आम्हाला त्यावरून दुधात उतरलेली जनावरांची औषधं ओळखायची होती.

त्या वर्षी सरांनी खटपट करून एक सॉफ्टवेअर मिळवलं. त्यात तो सगळा सेन्सर संगणकावरच मांडता यायचा. थर काढायचे, प्रत्येकाची जाडी भरायची, धातू निवडायचा, प्रकाश कुठून येतो ते सांगायचं. जी फिल्म बनवायला मला दोन दिवस लागायचे, ती तिथं दोन मिनिटांत तपासून होत होती. लायसन्स एकच, त्यामुळं संगणकही एकच. तो एसीच्या खोलीत ठेवला होता. एप्रिलमध्ये त्या खोलीतून बाहेर पडावंसं कुणालाच वाटत नसे.

श्रीलता जानेवारीत लॅबमध्ये आली. श्रीलता बोल्ली. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली. प्रवेश घ्यायला आली त्या दिवशी मला बघून इतकी आनंदली, की सरांसमोरच वाकून पाया पडली.

"मॅडम, तुम्ही इथं आहात! मग मला भ्यायचं कारण नाही."

मलाही तेव्हा बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

सॉफ्टवेअरवर तिचा हात दोन दिवसांत बसला. तिसऱ्या दिवशी तिच्या पडद्यावर खड्डा होता. आठवड्याभरात तिनं स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सोन्याची जाडी एकेक नॅनोमीटरनं बदलत तो आपोआप पन्नास वेळा सेन्सर तपासायचा आणि सगळ्यात खोल खड्डा कुठल्या जाडीला पडतो ते सांगायचा. मी तेव्हा माझ्या सपाट रेघेसमोर बसले होते.

तिनं मला शिकवलंही. मला तेच सोसेना. "मॅडम, सोन्याजवळ हिशोबाच्या चौकटींची जाळी बारीक करायची, नाहीतर उत्तर फसवं येतं." "मॅडम, कडेला प्रकाश आपटून परत यायला नको, तिथं शोषून घेणारी भिंत लावा." प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मॅडम. एकदा माझ्यासाठी तिनं सहा पानांच्या नोट्स काढल्या. सुबक अक्षर, बाण काढलेले, कुठलं बटण कुठं ते चौकटीत. वर लिहिलं होतं, 'म्हमाणे मॅडमसाठी'. मी त्या नोट्सवरूनच काम करायचे आणि ती खोलीत आली की वही त्यांच्यावर पालथी घालायचे.

सरांना काही हवं असलं की पूर्वी हाक यायची, "म्हमाणे मॅडम, जरा या." आता यायची, "श्रीलता!" मी दोन्ही हाका मोजायला लागले होते. एका सोमवारी तिच्या पाच झाल्या, माझी एक. तीही खिडकी लावायची होती म्हणून.

घरी मी मिस्टरांना म्हटलं, "पाठांतर आहे सगळं. आतलं काही समजत नाही तिला."

"तुझीच विद्यार्थिनी ना ती?" त्यांनी विचारलं.

"होती."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि परत वर केलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर एक पत्र घेऊन आले. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत सहा महिने काम करायची संधी होती. आमच्या लॅबसाठी एकच जागा. बाहेरून समिती येणार, सादरीकरण बघणार आणि नाव ठरवणार.

"दोघीही अर्ज करा," सर म्हणाले. "श्रीलता सिम्युलेशन दाखवेल. म्हमाणे मॅडम, तुम्ही फिल्म दाखवा. ज्याचं नशीब त्याचं."

मला वाटलं होतं, सर माझंच नाव देतील. विचारायचीही गरज पडणार नाही असं वाटलं होतं. सहा वर्षं. त्या यंत्राच्या गरम पंपानं भाजल्याचा डाग अजून माझ्या मनगटावर आहे. आणि ही तीन महिन्यांपूर्वी आलेली पोरगी.

"मॅडम, तुमचंच होणार," जिन्यात श्रीलता मला म्हणाली. "मी नुसता अनुभव म्हणून अर्ज करतेय."

ती मनापासून म्हणाली होती. मला ती तिची ऐट वाटली.

नंतरचे दोन आठवडे सर परीक्षेच्या कामात अडकले. सकाळी तोंड दाखवून जायचे. खोलीत आम्ही दोघीच असायचो. तिचे ग्राफ दिवसेंदिवस देखणे होत चालले होते. एका दुपारी ती मला हाक मारून म्हणाली, "बघा ना, मॅडम." मी बघितलं. तिचा खड्डा जवळजवळ तळाला टेकला होता आणि अरुंद, धारदार होता. खड्डा जितका अरुंद, तितकं त्याचं सरकणं नेमकं मोजता येतं. तिच्या हिशोबानं आमचा सेन्सर आधी वाटलं होतं त्याच्या दुप्पट बारीक ओळखू शकत होता.

इतका सुंदर खड्डा मी कधी बघितला नव्हता. माझ्या खऱ्या फिल्मवर मोजलेला खड्डा नेहमी जरा उथळ यायचा, जरा पसरट. मी तिच्या थरांची यादी बघितली. काच. सोनं, पन्नास नॅनोमीटर. पाणी. बस्स.

श्रीलतानं डबा उघडला होता. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ती म्हणाली, "मॅडम, एक शंका आहे. काही पेपरांत सोन्याखाली क्रोमियमचा थर दिसतो. दोन-तीन नॅनोमीटरचा. काहींत दिसत नाही. आपण फिल्म बनवताना घालतो का ओ?"

एसीचा आवाज येत होता. पडद्यावरचा तो खड्डा माझ्या समोर होता.

"आपण नाही घालत," मी म्हटलं.

"थेट काचेवर सोनं?"

"थेट."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा तोंडात टाकला. "मी उगाच घालून बघणार होते. त्यानं खड्डा बिघडला असता."

फिल्मची नोंदवही माझ्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या दिवशी घरी जाताना मी किल्ली आहे ना, हे दोनदा चाचपलं.

समिती अठ्ठावीस एप्रिलला आली. तिघं जण. त्यांतले डॉ. देवस्थळी या विषयातले जुने जाणते. पांढरा बुशशर्ट, पायात साध्या चपला, बोलणं मृदू. सेमिनार हॉलमध्ये तीन पंखे होते, त्यातले दोन चालत होते. श्रीलतानं आईची निळी साडी नेसली होती. तिला साडीची सवय नव्हती, पदर सारखा खांद्यावरून घसरत होता.

आधी ती बोलली. छान बोलली. सुरुवातीला आवाज थरथरला, मग विषयात शिरली आणि थरथर गेली. सगळ्यात शेवटी तो ग्राफ आला. समितीतल्या बाईंनी चष्मा नीट केला. सर खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी तो ग्राफ सकाळी घाईत पाहिला होता, तेव्हाही "वा, वा" म्हणाले होते.

"सुरेख आहे," डॉ. देवस्थळी म्हणाले. "फारच सुरेख आहे. जरा थरांची यादी दाखवता का?"

तिनं दाखवली.

"काच, मग सोनं. मधे काही नाही?"

"नाही, सर."

"बेटा, सोनं काचेला चिकटतं का?"

श्रीलता थांबली. "म्हणजे, सर?"

"चिकटपट्टी लावून ओढली तर सगळं सोनं पट्टीबरोबर येईल. नुसतं पाणी फिरवलं तरी पापुद्रा सुटेल. म्हणून खाली क्रोमियम घालावं लागतं. आणि क्रोमियम आलं की हा खड्डा असा राहत नाही. उथळ होतो, पसरतो. मग तुमचा दुप्पटचा दावा जातो." ते सरांकडं वळले. "तुमच्या लॅबमध्ये कसं करता?"

"क्रोमियम घालतो आम्ही," सर गोंधळून म्हणाले. "तीन नॅनोमीटर. पहिल्यापासून घालतो."

"मग हे असं कसं?" डॉ. देवस्थळींनी श्रीलताला विचारलं. त्यात राग नव्हता. "फिल्म तुमच्याच लॅबमध्ये बनतात. बनवणाऱ्यांना विचारायचं नाही का?"

मी दुसऱ्या रांगेत, कडेला बसले होते. मांडीवर माझ्या फिल्मची पेटी होती. श्रीलतानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता, एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला की होतो तसा. मग तो गोंधळ गेला.

मी मान खाली घातली.

"विचारायचं राहिलं, सर," ती म्हणाली.

"असं राहू नये," डॉ. देवस्थळी म्हणाले. "संगणक तुम्ही सांगाल तेच दाखवतो. बसा."

ती बसली. पदर तिनं आता दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मग माझं नाव पुकारलं. मी पेटी उघडली, फिल्म दाखवल्या, नोंदवही दाखवली. डॉ. देवस्थळींनी एक पट्टी पंख्याखालच्या उजेडात धरून फिरवली. त्यांनी मला क्रोमियमबद्दल विचारलं. किती, का, कमी केलं तर काय होतं. सगळ्याची उत्तरं मला येत होती. मी ती दिली. माझा आवाज एकदाही थरथरला नाही, हे मला आजही आठवतं.

पाच वाजता निकाल लागला. माझं नाव होतं.

सरांनी पेढे मागवले. मी श्रीलताला शोधत गेले. ती इमारतीच्या मागं, थंड पाण्याच्या कूलरपाशी उभी होती. ग्लास भरून वाहत होता आणि ती नळ बंद करत नव्हती. मी पुढं होऊन नळ बंद केला.

"श्रीलता," मी म्हटलं. "तू तिथं खोटं का बोललीस?"

तिनं ग्लास ठेवला. "तुम्ही माझ्याशी का बोललात?"

नळ बंदच होता, तरी मी तो पुन्हा आवळला.

"मी विसरले असेन असं वाटलं मला आधी," ती म्हणाली. "विचारलं होतं की नव्हतं, असं. मग तुम्ही मान खाली घातली."

"मला वाचवायला बोललीस का?"

ती हसल्यासारखं करायला गेली, पण हसली नाही. "तुमच्यासाठी नाही बोलले, मॅडम. बाहेरची माणसं होती. माझ्या मॅडमनी असं केलं, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली."

पदर सावरत ती निघून गेली. सायकल स्टँडपर्यंत ती साडीतच भराभर चालत गेली, पुढं कुठंतरी अडखळली, सावरली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतरचे नऊ दिवस मी काय काय केलं ते सांगते. पासपोर्टचा अर्ज भरला. थंडीचे कपडे कुठं मिळतील याची चौकशी केली. नणदेला फोन करून बातमी सांगितली. कॉलेजात सत्कार ठरला, त्याची तारीखही दिली. रोज मनाशी म्हणायचे, चूक तिचीही होतीच की, पेपरांत दिसत होतं तर घालून बघायचं होतं. मी सांगितलं आणि तिनं ऐकलं, यात माझा काय दोष? शिकवताना मीच म्हणायचे ना, कुणी सांगितलं म्हणून मानू नका.

श्रीलता रोज येत होती. वेळेवर. तिनं क्रोमियम घालून सगळं पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतलं होतं. मला "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणायची आणि दिवसभर त्यापुढं एक अक्षर नाही.

दहाव्या दिवशी मी तिच्या मागून जात होते. पडद्यावर तिचा नवा खड्डा दिसला. उथळ, जरा पसरट, माझ्या खऱ्या फिल्मवर यायचा अगदी तसाच. सहा वर्षं मी तो मोजत आले होते आणि असाच का येतो हे कुणी इतकं नेमकं मला दाखवलं नव्हतं. तिनं एका कोपऱ्यात माझा मोजलेला ग्राफ लावला होता, समितीला दाखवल्यापासून टेबलावरच पडलेल्या नोंदवहीतून घेतलेला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. माझ्या रेघेखाली तिनं लिहिलं होतं, 'प्रयोग: सु. म्हमाणे'.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. उभ्यानंच सांगितलं. सगळं, तिच्या पोळीच्या तुकड्यासकट.

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडं ठेवला.

"तिनं मला का सांगितलं नाही?" ते म्हणाले.

"तिला लाज वाटली म्हणाली."

"तिला?"

"हो, सर."

"समितीला लिहा," सर म्हणाले. "तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं. माझं नाव मधे घालू नका. आणि मला दाखवूही नका."

ते पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन वेळा त्यात 'अनवधानानं' हा शब्द कुठं ना कुठं येतच होता. चौथ्या वेळी तो काढला.

महिन्याभरानं उत्तर आलं. माझं नाव रद्द. त्या वर्षीची जागाही रद्द, दुसऱ्या कुणाला ती देता येणार नव्हती. श्रीलताला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, असं खाली एका ओळीत होतं. म्हणजे माझ्या पत्रानं तिला लगेच काहीच मिळालं नाही. कॉलेजातला सत्कार रद्द झाला. का रद्द झाला ते मी स्वतःच सांगितलं आणि ते सगळीकडं पसरलं. त्या दिवशी रात्रीची भांडी मिस्टरांनी घासली.

श्रीलताला मी पत्राची प्रत दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली, घडी घालून वहीत ठेवली. "ठीक आहे, मॅडम," म्हणाली आणि कामाला लागली.

आम्हाला त्यानंतर अकरा महिने एकाच खोलीत काढायचे होते. तिला फिल्म शिकायच्या होत्या, मला सॉफ्टवेअर. दुसरं कुणी शिकवणारं नव्हतं. आता ती मला पुष्कळ विचारायची. पंप किती वेळ चालवायचा, पट्ट्या कशानं धुवायच्या. मी उत्तर द्यायचे. मग ती माझ्यासमोरच कपाटातलं जाडजूड हँडबुक काढायची, पान शोधायची, बोट फिरवत वाचायची आणि म्हणायची, "बरोबर आहे." त्यात टोमणा नसायचा. ती खरंच तपासत असायची.

पहिल्यांदा हे झालं त्यानंतर चार-पाच दिवस मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे. मग घरी ते हँडबुक नेऊन वाचायला लागले. पुढं पुढं मी उत्तराबरोबर पानही सांगायला लागले. ती पान उघडायची, बघायची, मान हलवायची. इतरांना वाटायचं, म्हमाणे मॅडमचं पाठांतर दांडगं आहे.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला आणि तिची निवड झाली. सादरीकरणाच्या शेवटी तिनं मोजलेला ग्राफ आणि संगणकावर काढलेला ग्राफ एकावर एक दाखवले आणि फिल्म कुणी बनवल्या ते माझं नाव घेऊन सांगितलं. मी त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते. सरांनी नंतर सांगितलं.

जायच्या आदल्या दिवशी ती लॅबमध्ये आली. जर्मनीत तिला चांदीच्या फिल्म कराव्या लागणार होत्या. तिनं प्रश्नांची यादीच आणली होती. आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो.

"चांदी तापवायला ताटली कुठली घ्यायची?"

"मॉलिब्डेनमची. पान दोनशे चौदा."

तिनं बघितलं. "बरोबर आहे."

असे सहा प्रश्न झाले. सहा पानं झाली. सातवा होता, चांदी हवेत काळी पडायला लागते, तर मोजमाप किती तासांच्या आत उरकायचं. ते मला माहीत होतं, हातानं केलेलं होतं. मी सांगितलं. पण पान आठवेना. ते त्या पुस्तकात होतं की नाही, हेही आठवेना.

"थांब, शोधते," मी म्हटलं आणि पुस्तक ओढलं. अनुक्रमणिका उघडली. बोट खाली खाली न्यायला लागले. दोन पानं एकदम उलटली, परत मागं आले.

श्रीलतानं यादी पुढ्यात ओढली.

"राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "मी नंतर बघेन."

तिनं मी सांगितलेला आकडा यादीत लिहिला आणि त्याच्यापुढं बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. माझ्यादेखत काढलं, लपवलं नाही. मग पेनाचं टोपण लावून, यादी पर्समध्ये ठेवून ती उठली. या वेळी ती पाया पडली नाही. मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. दारापर्यंत मी सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "येते."

माझा आकडा बरोबर होता. तिचं प्रश्नचिन्हही बरोबर होतं.